फुकटातली चौकट

मी हयात आहे, हे आधीच सांगून टाकतो. एरवी गोष्टीची सुरुवात कुणी अशी करत नाही, पण गेल्या वसंतापासून मला ही सवयच लागली आहे. पावाच्या दुकानात रांगेत उभा राहिलो की पुढचा माणूस वळून बघतो, मग पुन्हा वळून बघतो, आणि शेवटी मीच म्हणतो, "हो, मीच. आहे अजून." याला कारण रोग नाही, अपघात नाही, बायकोही नाही. कारण वेबसाइट आहे.

डॅन्यूब नदीकाठच्या आमच्या गावात मी अकॉर्डियन दुरुस्त करतो. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या अंगाला एक खोली आहे. तिच्यात माझं टेबल, माझा दिवा, मागे पडद्याआड चहापाण्यापुरती जागा आणि भिंतीभर फळ्या. फळ्यांवर लोकांची अकॉर्डियन. पूर्वी लग्न म्हटलं की अकॉर्डियन लागायचंच. आता एक माणूस कॉम्प्युटर घेऊन येतो, बटण दाबतो आणि स्वतः जेवायला बसतो. त्यामुळे झालं काय, की दुरुस्त झालेली वाद्यं न्यायला कुणी येईना आणि नवीन आणायलाही कुणी येईना. मी रोज त्यांच्यावरची धूळ झटकायचो, आठवड्यातून एकदा प्रत्येकाचा भाता हलवून बघायचो. याला मी धंदा म्हणायचो, पण माझी बायको वेनेता म्हणत नव्हती.

वेनेताची भाची सियाना नखांचं सलून काढायला जागा शोधत होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण ती येता-जाता माझ्या खोलीच्या भिंतींकडे ज्या नजरेने बघायची, त्यावरून कळत होतं. शेवटी एका सकाळी पावाला मिरच्यांची चटणी लावता लावता वेनेताने विषय काढला.

"मे महिन्यातल्या गेओर्गीच्या सणापर्यंत थांबते," ती म्हणाली. "तोवर दुरुस्तीचं एक तरी नवं काम आलं, तर खोली तुझी. नाही आलं, तर सियानाची. ती भाडं देईल. तू काय देतोस, धूळ."

आता ज्या खोलीत माणसाचं सगळं आयुष्य गेलं, तिथे बायका बसून नखांना लाल-गुलाबी रंग लावून घेणार, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी हातातला पाव खाली ठेवला. सियानाबद्दल माझं काही म्हणणं नाही, मुलगी कष्टाळू आहे. पण मी तेव्हा कुठे बसणार? वर स्वयंपाकघरात? मी म्हणालो, "वेबसाइट काढतो." कुठून सुचलं कोण जाणे. आमच्या गावात दात काढणाऱ्याची वेबसाइट आहे, धुराडी साफ करणाऱ्याची आहे, मग मीच काय घोडं मारलंय? वेनेता म्हणाली, "काढ. पण खर्च नको." तिच्या पोस्टातल्या नोकरीने तिला हे शिकवलं आहे की परवानगी नेहमी अटीसकट द्यावी.

वेबसाइट म्हटल्यावर तिसऱ्या मजल्यावरचा रुमेन आलाच. रुमेन सैन्यात रेडिओ खात्यात होता, आणि तारेशिवाय चालणारी जगातली प्रत्येक गोष्ट तो स्वतःची समजतो. त्याने मला टेबलावर तीन पेले मांडून समजावलं. पहिला पेला म्हणजे डोमेन, दारावरची पाटी. दुसरा होस्टिंग, दारामागच्या खोलीचं भाडं. तिसरा म्हणजे खोलीतलं फर्निचर, ते आपण स्वतः बनवायचं. समजावून झाल्यावर त्याने तिन्ही पेल्यांतली राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, संपवली आणि म्हणाला, आता तुला सगळं कळलं.

पाटीपासून सुरुवात केली. आपल्या स्वतःच्या देशाचं नाव शेवटी असलेली पाटी महाग निघाली; त्यापेक्षा कुठल्याशा समुद्रातल्या बेटाची पाटी निम्म्याहून स्वस्त. रुमेनचं मत पडलं की बेटाची घ्यावी. मी विचारलं, त्या बेटावर अकॉर्डियन वाजवतात का? तो म्हणाला, तुला गिऱ्हाईक हवंय की भूगोल? मग खोलीचं भाडं. पहिल्या वर्षी इतकं कमी की मला त्या कंपनीची दया आली. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत काहीतरी होतं. सुरांच्या पट्ट्या तपासायचं माझं भिंग लावून वाचलं, तर दुसऱ्या वर्षापासून तिप्पट. दुसऱ्या कंपनीने सांगितलं की महिनाभर वापरून बघा, एक पैसा नको, फक्त बँकेचं कार्ड दाखवा. आमचं कार्ड वेनेताच्या पर्समध्ये असतं, आणि पर्स कुठे असते ते मला लग्नापासून कळलेलं नाही.

तरी फर्निचर आपल्या हाताने करायचं म्हणून रुमेनने एक फुकटचा प्रोग्रॅम माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर चढवला. त्या प्रोग्रॅमला फोटो दाखवायचा तर आणखी एक छोटा प्रोग्रॅम लागायचा, आणि त्या छोट्याला चालायला तिसरा. मी मान खाली घालून एकेक घेत गेलो. शेवटी कोऱ्या पांढऱ्या पानावर लाल रंगात इंग्रजीतली एक ओळ आली. रुमेनने ती बराच वेळ वाचली आणि हे फार चांगलं लक्षण आहे असं सांगून तो जेवायला वर गेला. तो दोन दिवस खाली आला नाही.

मग मला ते सापडलं. पूर्ण फुकट. पाटी त्यांची, खोली त्यांची, फर्निचर त्यांचं. आपण फक्त आत जाऊन बसायचं. अर्थात फुकटात काय काय मिळत नाही, हे मला बसल्यावर कळलं. पान एकच. फोटो एकच. वर मोठ्या अक्षरांत एकच ओळ. टेलिफोन नंबराचं बटण हवं तर पैसे. पानाच्या तळाशी त्यांची एक जाहिरात राहणार, ती काढायची तर पैसे. माझ्या पानाखाली त्यांनी ग्रॅनाइटची जाहिरात टाकली होती, 'सुबक, टिकाऊ, घरपोच'. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी असावं, असं मला वाटलं. तयार नमुन्यांपैकी फुकटात पाच होते. चार बघून मला कसंसंच झालं, त्यात सगळीकडे तरुण बायका टेकडीवर उड्या मारत होत्या. पाचवा तेवढा भारदस्त होता. मधोमध फोटो, भोवती रुंद चौकट, दारूच्या रंगाची, खास जुन्या लाल द्राक्षांच्या दारूची. नमुन्याचं नाव होतं 'चिरंतन'. मला वाटलं, टिकाऊ असेल.

फोटो माझा मीच शोधला. पासपोर्टसाठी काढलेला, टाय लावलेला, बराच जुना. त्यात मी कॅमेऱ्याकडे अशा नजरेने बघतोय की मला पुढचं सगळं ठाऊक आहे.

राहिला मजकूर. मजकुरासाठी आमच्या इमारतीत एकच माणूस, दुसऱ्या मजल्यावरच्या त्सोंकाबाई. शाळेत साहित्य शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून आमच्या रस्त्यावर कुणी गेलं की सूचना त्याच लिहितात. त्या काळ्या चौकटीतल्या, फोटोच्या, दारांवर आणि खांबांवर चिकटवतात त्या; चाळीसाव्या दिवशी पुन्हा, वर्षाने पुन्हा. गावात दुसरं काही कुणी वाचत नसेल, पण त्या सूचना वाचल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. वेनेता पाव आणायला गेली की दुकानासमोरच्या फळ्यापाशी आधी थांबते, कोण गेलं ते बघते, मग पाव घेते. गेलेल्यांच्या घरचे लोक त्सोंकाबाईंना मिठाई आणून देतात, इतकं त्या चांगलं लिहितात.

बाईंनी मला समोर बसवून प्रश्न विचारले. माझ्या कामाची ग्वाही देईल असं कुणी आहे का, कुणी नावाजलेला वाजवणारा? मी म्हणालो, नाही.

खरं म्हणजे होता. स्तामात. वीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून लग्नं वाजवली. त्याचं अकॉर्डियन माझ्याशिवाय कुणी उघडलेलं नव्हतं आणि माझ्या उजव्या हाताला त्याच्याशिवाय कुणी बसलेलं नव्हतं. मग एका लग्नात, नवरा-नवरी, व्याही, बँडवाले सगळ्यांसमोर तो माइकवर म्हणाला की नेदेल्चो, म्हणजे मी, इतका सावकाश वाजवतो कारण त्याला तासांवर पैसे मिळतात. लोक हसले. मी म्हणालो, तुझं ते डबडं यापुढे माझ्या टेबलावर येणार नाही. तो म्हणाला, "तू मेलास तरी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही." तेव्हापासून तो नदीच्या वरच्या अंगाला, त्याच्या गावात. मी इथे. तो काही आला नाही आणि मीही बोलावलं नाही. अशी गोष्ट वेबसाइटवर कुठे घालणार?

बाईंनी एका दुपारीत मजकूर लिहिला. वरची मोठी ओळ, 'चाळीस वर्षं आपल्यासोबत'. खाली माझं नाव, 'अकॉर्डियनचे उस्ताद'. मग असं: 'सोन्याचे हात, उदार मन. मुक्या झालेल्या किती वाद्यांना त्यांनी आवाज दिला. त्यांचा सूर आपल्या कानांत राहील. शनिवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या कार्यशाळेत सर्वांनी यावे.' शनिवारची कल्पना माझी, येणाऱ्याचं वाद्य फुकट तपासून द्यायचं ठरवलं होतं. तपासणीचं वाक्य बाईंनी काढलं, लयीत बसत नव्हतं म्हणून. मजकूर मी दोनदा वाचला. माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललेलं नव्हतं.

वेबसाइट झाली. झाली म्हणजे कॉम्प्युटरवर दिसायला लागली. पण ती बघायला कुणी यायचं तर तिचा पत्ता लोकांना कळायला हवा, आणि फुकटातला तो पत्ता एवढा लांबलचक होता की तोंडी सांगता सांगता समोरच्याची बस निघून जायची. तेव्हा मीच ठरवलं की पान छापायचं आणि गावात लावायचं. रीतसर परवानगी काढायला नगरपालिकेत गेलो. पहिल्या खिडकीवर म्हणाले, जाहिरात का, तिसऱ्या खिडकीवर. तिसरीवर म्हणाले, खांबागणिक शुल्क, पण आधी पहिलीचा शिक्का. पहिली खिडकी तोवर जेवायला गेली होती. मी त्या बंद खिडकीकडे बघत उभा राहिलो आणि मनाशी म्हणालो, एवढी सभ्य जाहिरात, हिला कोण हटकणार.

कॉपी काढण्याच्या दुकानात रंगीत छापण्याचा भाव ऐकून मी काळी-पांढरी सांगितली. खर्च नको म्हणजे नको. दुकानातली बाई आमच्या गावची नाही, पलीकडच्या गावाहून येते. तिने कागद हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं.

"तुमच्यासारखेच दिसायचे अगदी," ती हळूच म्हणाली.

मी म्हणालो, जुना फोटो आहे, तेव्हा केस जास्त होते. तिने मान हलवली, दहा कागद जास्त दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत आणि माझा हात जरा वेळ हातात धरला. मला वाटलं, चला, गावाबाहेरच्या माणसांना अजून अकॉर्डियनची किंमत आहे. नगरपालिका जेवत होती तेवढ्या वेळात मी सगळे कागद लावून आलो. खांबांवर, बसच्या थांब्यावर, इमारतींच्या दारांवर, आणि पावाच्या दुकानासमोरच्या फळ्यावर तर मधोमध, जिथे सगळ्यांची नजर आधी जाते. घाईत होतो. वाचत बसलो नाही. आपला स्वतःचा कागद माणूस कशाला वाचेल?

शुक्रवारी वेबसाइटवरचा आकडा चढायला लागला. किती लोक बघून गेले ते त्या पानावर दिसतं, एवढं मात्र फुकटात होतं. सकाळी तिथे मी आणि रुमेन असे दोनच होतो, दुपारपर्यंत गाव लोटलं. मी जेवताना वेनेताला तो आकडा दाखवला. ती बघत राहिली. "तुझ्यासाठी?" तिने विचारलं. मी खांदे उडवले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी सूप दोनदा मागून घेतलं आणि सियाना जिन्यात भेटली तेव्हा तिला म्हणालो, तुला दुसरी एखादी चांगली जागा बघून देईन.

शनिवारी सकाळी मी दाढी केली, तोच टाय लावला, राकियाची बाटली आणि पेले टेबलावर मांडले. वेनेता पाव आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पाव नव्हता, माझा कागद होता.

"नेदेल्चो," ती म्हणाली, "बस आधी."

मी बसलो. तिने कागद माझ्यापुढे धरला. दारूच्या रंगाची चौकट छपाईत काळी आली होती. काळीभोर, रुंद. मधे मी, टाय लावून. चाळीस वर्षं आपल्यासोबत. त्यांचा सूर आपल्या कानांत राहील. शनिवारी सकाळी दहा वाजता. आणि सगळ्यात खाली, थडग्यावर बसवतात ते ग्रॅनाइट. सुबक, टिकाऊ, घरपोच.

मी काही बोलणार इतक्यात दार उघडून पारुशेवसाहेब आत आले. नगरपालिकेत खांबांवर लक्ष ठेवण्याचं काम त्यांच्याकडे आहे. त्यांच्याही हातात माझा कागद. मी कुठल्या धक्क्याने कोण जाणे, पडद्यामागे सरकलो होतो, त्यामुळे त्यांना वेनेताच एकटी दिसली. त्यांनी टोपी काढली आणि अडखळत सांगितलं की तक्रार आली आहे, कागदावर वेबसाइटचा पत्ता आहे. जाहिरात असेल तर विनापरवाना, दंड प्रत्येक खांबाचा वेगळा. मृत्यूची सूचना असेल तर प्रश्नच नाही, तिला काही लागत नाही.

"तेव्हा बाई, माफ करा, पण विचारावं लागतं," ते म्हणाले. "काय लिहू?"

वेनेताने खिडकीतून बाहेर बघितलं. आमच्या रस्त्यावरचे खांब तिथून दिसतात. ती ते मनात मोजत होती, हे मला पडद्याच्या फटीतून स्वच्छ दिसत होतं. पस्तीस वर्षांचा संसार एका बाजूला आणि खांब एका बाजूला.

"गेला म्हणून लिहा," वेनेता म्हणाली.

पारुशेवसाहेबांनी तसं लिहिलं. लिहून त्यांनी जावं की नाही? पण टेबलावर राकिया मांडलेली. गेलेल्याच्या नावाने एक पेला घ्यायलाच हवा. त्यांनी दोन थेंब जमिनीवर सांडले, "देव त्याला क्षमा करो," म्हणाले, पेला रिकामा केला आणि माझ्याच खुर्चीत बसले. दंडाचं पुस्तक मांडीवर. ते असेपर्यंत मला बाहेर येण्याची सोय राहिली नाही.

दहा वाजता लोक यायला लागले. काळे कपडे, हातात फुलं, कुणी मेलेल्याच्या नावाने वाटतात त्या उकडलेल्या गव्हाचा वाडगा आणलेला. त्सोंकाबाई येऊन बसल्या. त्यांना पडद्याखाली माझे बूट दिसले, त्यांनी बुटांकडे नीट बघितलं, आणि मग मजकुराबद्दल लोकांचं कौतुक ऐकून घेत राहिल्या. मी पडद्याआड गॅसच्या शेगडीला टेकून उभा. स्वतःच्या अंत्यदर्शनाला उभं राहायची वेळ माझ्यावर आली होती आणि तीही शेगडीला पाठ लावून.

बोलले सगळे चांगलं, त्यांना दोष देत नाही. अमुक साली त्याने माझं अकॉर्डियन एका रात्रीत नीट केलं होतं, असं एकाने सांगितलं आणि ते खरं होतं. दुसरा म्हणाला, माणूस तिरसट पण हात सोन्याचे. पण बोलून झालं की प्रत्येकाची नजर फळ्यांकडे जायची. मग तो घसा खाकरून वेनेताला हळूच म्हणायचा, की बाई, आता हे असं झालं, वारसदार काय करतील सांगता येत नाही, ते तिसऱ्या फळीवरचं माझं. एक तर म्हणाला, मजुरी नको असं उस्तादांनी मला शेवटी शेवटी सांगितलं होतं. मी ते ऐकून पडदा मुठीत धरला. पारुशेवसाहेबांनी नेमका तेव्हाच पेला भरला.

असं करता करता फळ्या रिकाम्या झाल्या. जी वाद्यं मी वर्षानुवर्षं झटकली, ज्यांचे भाते हलवून बघितले, ती सगळी काखेत मारून लोक डोळे पुसत निघून गेले. नवं काम घेऊन कुणीही आलं नाही. मेलेल्याकडे कोण दुरुस्ती टाकणार? मला राग आला नाही. मला फार वाईट वाटलं. चाळीस वर्षांत ही खोली इतकी मोठी कधी दिसली नव्हती.

बाटली संपली तेव्हा पारुशेवसाहेब उठले, वेनेताच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. त्सोंकाबाईही वर गेल्या. मी बाहेर येऊन माझ्या स्टुलावर बसलो. वेनेता केरसुणी घेऊन फुलांच्या पाकळ्या गोळा करत होती, माझ्याकडे बघत नव्हती. सियाना आली होती. तिने मला बघून न बघितल्यासारखं केलं आणि टेप काढून भिंत मोजायला घेतली, आरशांसाठी. तिचंही चूक नव्हतं, सण तोंडावर आला होता.

"वेनेता," मी म्हणालो, "टेबल तरी राहू दे. कोपऱ्यात."

 तिची केरसुणी थांबली.

तेव्हा दारात सावली पडली. लग्नात घालायचा जुना काळा कोट, आता पोटावर न मिटणारा. पाठीवर अकॉर्डियनची पेटी. हातात कार्नेशनची फुलं, सहा, मेलेल्यासाठी नेतात तशी सम आकड्यात. स्तामात.

तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा होता. त्याने आधी वेनेताकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि मग त्याला मी दिसलो. त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या गावाहून सकाळची बस लवकर सुटते, दुसरी उशिरा. तो बहुतेक दुसऱ्या बसने आला होता. डोळे लाल होते, ते वाऱ्याने झाले असतील असं तो पुढे म्हणाला.

"तू तर बसलायस," तो म्हणाला.

"बसलोय."

"मेला नाहीस?"

"नाही. वेबसाइट काढली."

 त्याने खाली उंबऱ्याकडे बघितलं.

"मी म्हणालो होतो, तू मेलास तरी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही."

"म्हणाला होतास."

"सगळ्या वाटेत तेच डोक्यात. म्हटलं, शब्द मोडायला निघालोय. बसवाल्याला दोनदा थांबव म्हणालो." त्याने कोटाच्या बाहीने नाक पुसलं. "आता तू मेलाच नाहीस म्हटल्यावर शब्द मोडला नाही. बरं झालं."

आणि तो उंबरा ओलांडून आत आला.

आत येऊन त्याने हातातल्या फुलांकडे बघितलं. सहा. जिवंत माणसाला कुणी सहा देत नाही. त्याने त्यातलं एक काढलं, देठ मोडून स्वतःच्या कोटाला खोचलं आणि उरलेली पाच माझ्यापुढे धरली, माझ्याकडे न बघता. मी ती घेतली.

मग त्याने पाठीवरची पेटी टेबलावर ठेवली. थडग्यापाशी वाजवायला आणलं होतं म्हणाला, आमची ती लग्नातली शेवटची चाल, वरात दाराशी पोचली की वाजवायचो ती. त्याने पट्टे खांद्यांवर घेतले आणि सुरू केलं. तिसऱ्याच सुरावर एक पट्टी अडकली आणि बोकड ओरडावा तसा आवाज निघाला. सियानाच्या हातून टेप सुटला.

"हे असं केव्हापासून?" मी विचारलं.

"त्या लग्नानंतर वर्षाभरात."

"आणि कुणाला दाखवलं नाहीस?"

"कुणाला दाखवू?" तो चिडून म्हणाला. "असंच वाजवणार होतो आज. म्हटलं, ऐकू दे त्याला खाली. त्याशिवाय उठणार नाही."

मी भिंग लावलं आणि अकॉर्डियनची मागची फळी उघडली. आत माझ्याच हातचं काम होतं, माझंच मेण, माझाच दोरा, कुणाचा हात न लागलेलं. वेनेता जवळ येऊन उभी राहिली. तिने केरसुणी भिंतीला टेकवली.

"स्तामात," तिने विचारलं, "तुला हे कळलं कुठून?"

"आमच्या बसच्या थांब्यावर कागद होता. कुणीतरी इथून नेऊन लावलेला. त्यावरून मुलीने कॉम्प्युटरवर काढून दाखवलं. तिथे चौकट लाल होती, पण मी म्हटलं, आता लाल करतात वाटतं."

"म्हणजे वेबसाइटवरून आलास."

"तसंच म्हणायचं."

"आणि हे दुरुस्तीला टाकतोयस."

स्तामात माझ्याकडे बघायला लागला. मी अडकलेल्या पट्टीकडे बघत राहिलो. कोपरं टेबलावर घट्ट रोवली होती.

"टाकतोय की," तो म्हणाला.

वेनेता सियानाकडे वळली आणि जमिनीवर पडलेला टेप उचलून तिच्या हातात दिला. "गुंडाळ गं हे," ती म्हणाली. "आणि वर जाऊन सूप गरम कर. चार माणसांचं."

मी रीतीप्रमाणे स्तामातला सांगितलं की काम सणाच्या आत होणार नाही, मेण जुनं झालंय, सगळ्याच पट्ट्या काढून बघायला हव्यात, वेळ लागेल. पूर्वी असं काही म्हटलं की तो हातपाय आपटायचा, उद्याचं लग्न आहे म्हणायचा. आता त्याने पारुशेवसाहेबांनी सोडलेली खुर्ची ओढली आणि माझ्या उजव्या हाताला बसला.

"कर सावकाश," तो म्हणाला. "घाई नाही. तू आहेस ना."